दोन इंच सैल

गेली सव्वीस वर्षं टेप माझ्या गळ्यात आहे आणि एवढ्या वर्षांत तो कुणी माझ्याच पोटाला लावला नव्हता. मंगळवारी डहाणूच्या मसोलीत माझ्या दुकानासमोरच्या हॉलमध्ये आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. त्यांच्याकडच्या टेपवरचे आकडे पुसले गेले होते, म्हणून नर्सबाई माझ्याकडे मागायला आल्या. शिंपी टेप उसना देत नाही, टेपासोबत स्वतः जातो. मी गेलो. आत एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, केसांत पेन खोचलेलं, समोर फॉर्मांची चळत. म्हणाल्या, आलाच आहात तर तुमचंही करून टाकू, कंबर किती? मी म्हटलं, चौतीस. शिंप्याला त्याची कंबर विचारणं म्हणजे मास्तरला बेचा पाढा विचारण्यासारखं. त्या हसल्या, उठल्या आणि टेप पट्ट्यावर न लावता वर, बेंबीच्या अंगानं, पोटाच्या ऐन फुगवट्यावरून फिरवला. श्वास सोडा, म्हणाल्या. मी तो कधी धरला होता ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. सोडला. "एकोणचाळीस," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि नर्सबाईंनी सेंटिमीटर करून लिहून घेतलं. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं खुर्च्यांवर बसली होती आणि त्यांतली निम्मी माझी गिऱ्हाइकं होती.

मला राग आला तो एकोणचाळीसचा नाही, मोठ्यानं म्हणण्याचा. उंबरगावला ज्या गुजराती म्हाताऱ्याकडे मी धंदा शिकलो, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की माप वहीत जातं, तोंडात येत नाही. बारीक माणसाची छाती खुशाल चारचौघांत सांगावी, जाड्याचं पोट मात्र गिळून टाकावं. मी तेच करत आलो. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, मुकेशभाई, गेल्या वेळचंच माप धरा, काही फरक नाही. मी मान डोलावतो, टेप लावल्यासारखं करतो आणि वहीत गुपचूप दोन इंच वाढवतो. शिवाय हल्ली पँट बसते पोटाच्या खाली. पोट पुढे ओसरीसारखं निघालेलं असतं आणि पट्टा खाली जुन्याच भोकावर असतो. मसोलीपासून आशागडपर्यंत निम्म्या बाप्यांची कंबर दहा वर्षं चौतीस आहे ती माझ्या कृपेनं. सगळे खूश. घरी जाऊन बायकोला सांगतात, बघ, मापात फरक नाही. मला वाटायचं, हेच तर कसब. आणि ही कालची पोरगी माझाच टेप घेऊन, भर हॉलमध्ये, माझं पोट बोलून मोकळी झाली. पाठीमागं कुणीतरी खुसखुसलं. परवापर्यंत ज्याच्या सदऱ्याची मी बटणं सरकवून देत होतो तोच असणार.

बुधवारी उपाशीपोटी रक्त दिलं आणि आज शनिवारी सकाळी रिपोर्ट घ्यायला दवाखान्यात गेलो. बाईंनी कागदाच्या पाठीवर पाच रेघा ओढल्या. पोटाचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी, आणि पाचवं ते चांगलं कोलेस्टेरॉल, जे कमी असता कामा नये. पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. माझे चार बिघडले होते. शाळेत मला पाचांत चार कधी मिळाले नाहीत. हा काही एक आजार नाही, त्या सांगत होत्या, ही एका कुळातली मंडळी आहेत, एक आलं की बाकीच्यांना बोलावून घेतं. साखर एकशे बारा, म्हणजे डायबेटिस अजून नाही, उंबरठ्यावर. रक्तदाब एकशे बेचाळीस. चरबी दोनशे अठरा. एकेकटं बघितलं तर कुणीही म्हणेल, एवढं काय. पण एकत्र नांदायला लागले की हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होतात, लिव्हरवर चरबी चढते, डायबेटिस तर आलाच म्हणून समजा. मी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, तसं सांगता येत नाही. मला खरंच संताप आला. माझ्याकडे कुणी ब्लाउज टाकला तर मी गुरुवार म्हणून सांगतो. इकडे हृदय बंद पडणार म्हणतात आणि वार सांगत नाहीत. बरं, दुखतही कुठे नाही. दुखत असतं तर त्या जागेवर हात ठेवून बसता तरी आलं असतं, बायकोनं तेल गरम करून दिलं असतं. ठणठणीत माणसानं आजारी असायचं म्हणजे करायचं तरी काय? औषध लगेच नको, त्या म्हणाल्या, आधी तीन महिने रोज चाला, गोड बंद करा, तळलेलं बंद करा, आणि भात कमी करा.

भात कमी करा. डहाणूत बसून हे बोलायचं म्हणजे धाडसच म्हणायचं. मी तलासरीच्या डोंगराकडचा. आमच्या पाड्यावर जेवण म्हणजे भात, आणि आषाढ-श्रावणात घरातला भात संपला की जेवणच नाही. तेव्हा नागलीची पातळ आंबील असायची, इतकी पातळ की तळाशी थाळीवरचं नाव दिसायचं. आम्ही दोघे भाऊ, मी आणि धाकल्या, तीच पिऊन झोपायचो आणि झोपेतसुद्धा पोटात पाणी हलल्याचा आवाज यायचा. पाड्यावरच्या बालवाडीत आढ्याला तराजू टांगलेला असे. त्यात मला बसवायचे आणि बाई कागदावरच्या वाकड्या रेघांत माझा ठिपका शोधायच्या. मी कुपोषणाच्या तिसऱ्या श्रेणीत होतो. चौथ्या श्रेणीतली पोरं मरायची, म्हणून आई, बुधीबाई, माझी तिसरी श्रेणी आल्यावर नवसाचं कोंबडं देऊन आली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जन्माच्या वेळी वजन किती होतं? मी हसलो. म्हटलं, आई सांगते सुपात मावलो होतो आणि सूप अर्धं रिकामं होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आईच्या पोटातच उपास घडलेलं शरीर साठवायला शिकतं, आणि पुढे खायला मिळालं की सगळं पोटावर साठवून ठेवतं, अशांना हा धोका जास्त. म्हणजे तेव्हा नव्हतं म्हणून आमचं नाव कागदावर, आता आहे म्हणूनही आमचंच नाव कागदावर. ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडायचं तेच कळेना. समोरच्या बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या.

मग त्यांनी ते विचारलं. मी कागद घडी करून खिशात घालायला वाकलो तेव्हा त्यांची नजर माझ्या कॉलरच्या मागं गेली. मान अशी काळी कधीपासून आहे? मी म्हटलं, मळ हो तो, घाम, दिवसभर मान खाली घालून मशीनवर बसायचं, टेपही तिथंच घासतो. त्यांनी कापसाचा बोळा ओला करून मानेवर जोरात फिरवला आणि मला दाखवला. बोळा पांढराच होता. हा मळ नाही, त्या म्हणाल्या, रक्तातलं इन्सुलिन वाढलं की मानेवर, काखेत अशी काळी, मखमलीसारखी जाड कातडी येते, ही आतली गोष्ट बाहेर दिसते. मी उडवून लावल्यासारखं म्हणालो, असेल, आमच्या घरात तर सगळ्यांचीच अशी आहे. आणि ते तोंडातून गेलं तसा मनातल्या मनात मोजायला लागलो. सगळ्यांची म्हणजे माझ्या बायकोची, सुनिताची नाही, ती वलसाडकडची, तिची मान स्वच्छ. धाकल्याची नाही, तो अजून काडीच आहे. मग सगळ्यांची म्हणजे कुणाची? बाईंनी पेन केसांतून काढलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, मुलं किती आहेत तुम्हाला? मी म्हटलं, एकच मुलगी, रोशनी, आठवीत आहे. सोमवारी घेऊन या तिला, त्या म्हणाल्या, आणि तिला रागावू नका, उपाशीही ठेवू नका, आत्ता कळलं तर पुष्कळ काही करता येतं.

दुकानात येऊन शटर अर्धंच वर केलं आणि मशीनवर बसलो. कात्री हातात घेतली, ठेवली. समोर ट्रायलचा आरसा आहे, त्यात मान मागून दिसत नाही. माणसाला स्वतःची मान दिसत नाही, दुसऱ्याची दिसते. रोशनीची दिसायची. सहावीत असताना वेणी घालताना सुनिताला ती पहिल्यांदा दिसली, कॉलरच्या रेषेवर काळा पट्टा. तेव्हापासून दर रविवारी मोरीत कार्यक्रम चालायचा. आधी बेसन-लिंबू, मग साबण, मग पायाची वजरी. पोरगी रडायची आणि मी बाहेरून आवाज द्यायचो, मोठी झालीस, अंग नीट धुता येत नाही का, शाळेत पोरी नावं ठेवतील. ठेवतच होत्या. एकदा तिनं येऊन सांगितलं की बाकावरची मुलगी सरकून बसते. त्यावर मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, बरोबरच आहे तिचं. दोन वर्षं बिचारी मान घासतेय. बेसन, लिंबू, वजरी. आणि मी, ज्याचा अख्खा जन्म माप घेण्यात गेला, बाहेर बसून तिला घाणेरडी म्हणतोय. हातात सुई होती ती मी मशीनच्या लाकडात खुपसली. ती वाकली.

आणि खायला कुणी घातलं तिला? ती जन्मली तेव्हा डहाणूच्या दवाखान्यात तिला काट्यावर ठेवलं होतं. अडीच किलोला थोडं कमी. त्या काट्याकडे बघत मी मनाशी म्हटलं होतं, माझ्या पोरीचा ठिपका कुठल्याही वाकड्या रेघेवर पडणार नाही. मग काय, दुकानातून जाताना रोज काहीतरी. क्रीमची बिस्किटं, आंब्याच्या पेयाची बाटली, नाक्यावरचं फरसाण, हंगामात चिकू, तेही एकदोन नाही, पाटीभर. एक गाल फुगला तरी मला समाधान वाटायचं. दिवाळीत गावाला गेलो तर बुधीबाई तिला मांडीवर ओढून तिचा दंड दाबून बघायची, सगळ्या पाड्याला बोलावून दाखवायची. आमच्याकडे पोट सुटलेला माणूस म्हणजे वाचलेला माणूस. यंदाही तिनं माझ्या थाळीत तिसऱ्यांदा भाताचा ढीग घातला. मी हात आडवा धरला, नुसतं गमतीनं म्हटलं, आता भात कमी करतात शहरात. म्हातारीनं पळी थाळीवर तशीच धरून ठेवली आणि मला म्हणाली, "भात नाय खायाचा? मंग आमी कशापायी राबलो रं?" यावर डॉक्टरीणबाईंकडे काही उत्तर आहे का, मला ठाऊक नाही. मी थाळी पुढे केली होती, आणि रोशनीनंही केली होती.

कापड बेतायच्या टेबलावर तिचा शाळेचा स्कर्ट पडला होता. गुरुवारी टाकून गेली होती, पप्पा, पट्टा टोचतोय, सोमवारी पाहिजे. हे नेहमीचं. सातवीच्या जूनमध्ये शिवला, तेव्हापासून दर चार महिन्यांनी टोचायला लागतो. मी काय करतो, शिवतानाच मागच्या शिवणीत आणि चुण्यांत भरपूर कापड दाबून ठेवतो, आणि ती टोचतोय म्हणाली की पट्टा उसवून इंचभर सैल करतो, तिच्यासमोर नाही, दुकानात. इस्त्री करून देतो. घाल आता, धुतल्यावर आटला होता, असं सांगतो. पोरीच्या जातीला उगाच वाईट कशाला वाटायला हवं, असं मला वाटायचं. ती विचारायची, पप्पा, माझी कंबर किती? मी म्हणायचो, अठ्ठावीस. गेल्या वर्षीही अठ्ठावीस, यंदाही अठ्ठावीस. जे गिऱ्हाइकांसाठी केलं तेच तिच्यासाठी केलं, फक्त जास्त मनापासून केलं. आज मी ब्लेडनं पट्टा उसवला आणि स्कर्ट उलटा करून उजेडात धरला. आतून कापड खोटं बोलत नाही. मागच्या शिवणीजवळ जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा होत्या, एकापलीकडे एक, चार. प्रत्येक रांगेपाशी निळा रंग जरा गडद राहिला होता. सातवीच्या जूनपासून आतापर्यंत. हा स्कर्ट तिच्याशी चार वेळा बोलायला आला होता आणि चारही वेळा मी त्याचं तोंड शिवून टाकलं होतं. एकदा जरी तो फाटला असता, हुक तुटून वर्गात पडला असता, ती रडत घरी आली असती, तर तिच्या आईनं कुणाला तरी विचारलं असतं. मी तेवढंसुद्धा होऊ दिलं नाही. मला इतका राग आला की मी दुकानात एकटा असताना मोठ्यानं शिवी दिली, आणि ती कुणाला दिली ते मला स्वच्छ कळत होतं.

शिवणीत आता अर्धा इंचसुद्धा उरला नव्हता. तरी हाताला सवय वाईट. हात आपोआप चिंध्यांच्या डब्यात गेला, निळ्या रंगाचा तुकडा शोधायला. मिळालाही. आतून जोड लावला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तुकडा लावून बघितला, रंग जुळत होता, टाचणीही टोचली. खिशात रिपोर्टचा कागद मांडीला रुतत होता. मग टाचणी काढली, स्कर्ट तसाच उसवलेला घडी केला आणि शटर ओढून घरी निघालो. वाटेत फरसाणवाल्यानं नेहमीप्रमाणे पुडी पुढे केली. मी नको म्हटल्यावर त्यानं विचारलं, घरी कुणी आजारी आहे का?

घरी शनिवारची अर्धी शाळा करून रोशनी आली होती. सुनिताच्या फुगे बनवायच्या कारखान्याला सुट्टी होती, म्हणून रविवारचा कार्यक्रम आजच चालला होता. मोरीतून पाण्याचा आवाज आणि मधूनच पोरीचं कण्हणं. मी चपला न काढता आत गेलो. रोशनी स्टुलावर वाकून बसली होती, फ्रॉकची कॉलर मागं ओढलेली, आणि सुनिताच्या हातात वजरी होती. मान लालबुंद झाली होती, आणि लालीच्या खालून तो काळा पट्टा होता तसाच होता. मी सुनिताच्या हातातून वजरी घेतली. ती चिडली, म्हणाली, आता तुम्हीच घासा मग, माझे हात दुखायला लागले.

"घासायचं नाही," मी म्हणालो. "मळ नाही तो. रक्तातलं आहे. माझ्याकडून आलंय तिच्यात."

मग मी बाईंनी सांगितलेलं सगळं सांगायला लागलो, पाच रेघा, चार बिघडलेले, इन्सुलिन, मखमल, सोमवार, सगळं उलटसुलट. सुनिता भिंतीला टेकली. तिनं एकच विचारलं, पोरीला काही होणार नाही ना? मी म्हटलं, आत्ता कळलंय, आत्ता कळलं तर होत नाही म्हणतात. रोशनी इतका वेळ स्टुलावर तशीच वाकलेली होती. तिनं मान वर केली, मानेवरून पाणी पाठीत गेलं तशी शहारली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"मग मी दोन वर्षं काय घासत होते?"

सुनितानं पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, चुकलं माझं. घरात हे दोन शब्द मी याआधी कधी उच्चारले असतील तर मला आठवत नाही. पोरीनं त्याकडे लक्ष दिलं नाही. तिची नजर माझ्या काखेतल्या स्कर्टवर होती. तिनं तो ओढून घेतला, उलटा केला. शिंप्याची पोरगी, तिला कापड वाचता येतं. ओल्या बोटानं तिनं टाक्यांच्या रांगा मोजल्या, एक, दोन, तीन, चार, आणि बोट शेवटच्या रांगेवर ठेवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रडेल, किंवा स्कर्ट माझ्या अंगावर फेकेल, आणि फेकला असता तर बरं वाटलं असतं. ती उठली, हात पुसले, माझ्या गळ्यातला टेप काढून माझ्याच हातात दिला आणि ट्रायलच्या आरशापुढे गिऱ्हाइकं उभी राहतात तशी दोन्ही हात बाजूला करून उभी राहिली.

"आता खरं सांग," ती म्हणाली.

मी टेप फिरवला, बेंबीच्या अंगानं. आकडा एकोणतीसच्या आसपास दिसला आणि क्षणभर मला आनंद झाला, मग लक्षात आलं की तिचे खांदे वर आहेत, छाती ताठ आहे आणि ओठ मिटलेले आहेत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"श्वास सोड," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघत हळूहळू सोडला. टेप माझ्या बोटांतून सरकत गेला, तीस, एकतीस, बत्तीस, आणि थांबला.

"तेहतीस," मी मोठ्यानं म्हणालो.